घमेल्याचं माहेर

५ डिसेंबर. पहाटे उठून पहिलं काम केलं ते घमेलं बांधण्याचं. घमेलं गोल आणि पिशवी चौकोनी, त्यामुळे कसंही घातलं तरी कडा बाहेर यायची. शेवटी जुन्या चादरीत गुंडाळून गाठोडं केलं आणि वरून सुतळी आवळली. प्रवासाला निघताना लोक टोपी घेतात, खाऊ घेतात. मी लोखंडी घमेलं घेऊन सुरगाण्याला निघाले होते, आणि त्याला कारण होतं.

नाशकातल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत बांधकामाची अवजारं तयार करणारा एक कारखाना आहे. फावडी, थाप्या, घमेली. तिथे मी परदेशी गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार बघते. गिऱ्हाइकं बहुतेक पोर्तुगीज नाहीतर स्पॅनिश बोलणारी, म्हणून या दोन भाषा मी शिकले. हौस म्हणून नव्हे, नोकरी टिकावी म्हणून. त्यातल्या एका पोर्तुगीज गिऱ्हाइकानं घमेल्यांच्या गठ्ठ्यावर लावायच्या चिठ्ठीचा मजकूर पाठवला, त्यात शब्द होता ‘गामेला’. मला वाटलं, बघा, आपला शब्द उचलला यांनी. शोधायला गेले तर सगळं उलटं निघालं. घमेलं आपल्याकडे त्यांच्याकडून आलेलं आहे. स्पॅनिशमध्ये त्यालाच ‘गामेया’ म्हणतात, आणि दोघांची आजी लॅटिनमधली ‘कामेल्ला’, म्हणजे दूध प्यायचा लाकडी वाडगा. त्याच्याही मागे गेलं की ‘कामेरा’ लागतो, त्याचा अर्थ कमानदार छत. वाडगा म्हणजे पालथी घालून ठेवलेली छोटीशी कमान. याच कामेऱ्यापासून पोर्तुगिजांची खोली झाली आणि त्या खोलीचा हिंदीत कमरा झाला. म्हणजे कमरा आणि घमेलं ही एकाच घरातली चुलत भावंडं. वसई-गोव्याकडे किल्ले आणि चर्च बांधताना आपल्या गवंड्यांनी तो शब्द कानानं उचलला असावा. वीट उचलावी तितक्या सहज.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. त्यांचा गामेला लाकडाचा. लोखंडाचा आपण केला.

या दिवाळीनंतर पोर्तुगालमधल्या एका छोट्या व्यापाऱ्याची मेल आली. त्याला लाकडाचे गामेला हवे होते. त्याची आजी त्यात पीठ मळायची, पोरांना न्हाऊ घालायची, आता तिकडे कोणी कोरत नाही, तुमच्याकडे मिळतील का? मी ‘नाही’ असं उत्तर लिहून टाकणार होते. पण मागच्या वर्षी आमच्याकडे माल चढवायला आलेला यशवंत त्या दिवशी फाटकाशी भेटला. सुरगाण्याकडचा पंचविशीतला पोरगा, मजुरीची चौकशी करायला आला होता. त्याला सहज विचारलं.

“लाकडाचं घमेलं?” तो म्हणाला. “माझा बा करतो की. काठवट म्हंत्यात आमच्यात.”

काठवट मला माहीत होती, माझ्या आईच्या घरी भाकरीचं पीठ त्यात मळत. पण दोन शब्द शेजारी ठेवून बघायचं कधी सुचलं नव्हतं. मग दोन दिवसांची रजा टाकली आणि आकार दाखवायला लोखंडी घमेलं सोबत घेतलं.

सीबीएसवर, नाशिकच्या मोठ्या स्टँडवर, बस लागलेलीच होती. कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं, गाठोड्याकडे बघितलं.

“मावशी, याच्यात काय?”

“घमेलं.”

“कामाला चालला का काय?”

“कामालाच.”

“सुरगाण्याला? अहो, लोक घमेलं उचलायला सुरगाण्याहून नाशकात येतात. तुम्ही उलट्या चाललात!” पुढच्या दोन-तीन बाकांवरचे लोक हसले. मीही हसले. गाठोड्याचं तिकीट त्यानं घेतलं नाही, पायाशी ठेवायला सांगितलं.

दिंडोरीपर्यंत धुकं होतं. द्राक्षबागांच्या रांगा रस्त्याच्या कडेला येत, थोडं अंतर बरोबर चालत आणि पुन्हा धुक्यात शिरत. कुठे बागेत फवारणी चालली होती, तो फवारा आणि धुकं वेगळं ओळखू येत नव्हतं. मी गाडीत झोपणारी बाई नाही. पण त्या दिवशी डोळा लागला असावा, कारण वणी कधी मागे पडली ते कळलं नाही. जाग आणि झोप यांच्या मधल्या त्या जागेत मला एक संथ नदी दिसत होती आणि तिच्यावरून लाकडी वाडगे तरंगत येत होते. एकामागून एक, रिकामे, कोणी वल्हवत नसलेले. किनाऱ्यावरचे लोक हात घालून एकेक उचलत आणि आपापल्या बोलीत त्याला हाक मारत. वाडगा तोच, हाक वेगळी. मग बस घाटाला लागली, चालकानं खालचा गिअर टाकला आणि मी जागी झाले. बाहेर ऊन होतं. डोंगर सगळे पिवळे झालेले, भात कापून झालेल्या खाचरांत गुरं सोडलेली. एवढ्या मोकळ्या जागेत आवाज म्हणून फक्त आमच्या बसचा.

सुरगाण्याच्या स्टँडवर यशवंत उभा होता. पुढे जायला जीप. आत जागा नव्हती म्हणजे इकडच्या हिशोबानं अजून चार जणांची होती. माझं गाठोडं सुटलं होतं. ते बांधत बसले तर शेजारच्या बाईनं आपल्या दोन कोंबड्या सरळ त्या घमेल्यात ठेवल्या.

“बरं झालं आणलं तू,” ती म्हणाली. “पाय बांधलेल्या कोंबड्या लय घसरत्यात.”

इकडे सगळे सगळ्यांना ‘तू’ म्हणतात, हे पहिल्याच वळणावर कळलं. कोंबड्या पाड्यापर्यंत (डोंगरातल्या छोट्या वस्तीपर्यंत) आरामात आल्या. नमुन्याचं घमेलं मात्र धुवावं लागलं.

यशवंतचं घर पाड्याच्या टोकाला. कुडाच्या भिंती, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यांना शेणमाती लिंपलेली. पुढे सारवलेलं अंगण आणि अंगणाच्या कडेला खळं, तिथे भाताचा पेंढा रचलेला. मी अंगणात पाऊल टाकलं आणि थांबले. पेंढ्याच्या आडोशाला, उन्हाच्या एका पट्ट्यात, यशवंतची बायको जिजा बाळाला न्हाऊ घालत होती. बाळ काठवटीत बसलं होतं. पाण्याची वाफ वर येत होती. काठवटीचा आतला भाग हातांनी गुळगुळीत झालेला, मधाच्या रंगाचा, आणि त्यात ती पाच-सहा महिन्यांची मुलगी दोन्ही हातांनी पाणी बडवत होती. हजारो मैलांवरच्या कुणाच्या तरी आजीचं वर्णन मी मेलमध्ये वाचलं होतं. ते इथे उन्हात बसलं होतं.

“तेच ना?” यशवंतनं विचारलं.

मी लोखंडी घमेलं त्या काठवटीशेजारी ठेवलं. कडेचा बाक तोच. खोलीही जवळपास तीच. एक काळं आणि थंड, दुसरं कोमट. बाळानं लोखंडाला हात लावला आणि लगेच मागे घेतला.

यशवंतचे वडील धवळूबाबा कुडाला टेकून वाकसानं (लाकूड कोरायच्या हत्यारानं) एक ओंडका कोरत होते. बोलण्यात त्यांना रस नव्हता. मी विचारत गेले, ते तुकड्या-तुकड्यानं सांगत गेले. लाकूड शिवणीचं. आपल्याच बांधावरचं झाड, तेही पडलेलं. अर्धं कोरायचं, मग नागलीच्या (नाचणीच्या) भुशात पुरून ठेवायचं.

“किती दिवस?”

“निजंल तोवर.”

“म्हणजे?”

“लाकूड निजलं नाय न् पुरं कोरलं, तर फाटतं. पाऊस सरंस्तोवर निजतं. मग उठवायचं.”

“वर्षाला किती होतात?”

ते ओंडका फिरवून बघत राहिले. “एक. कधी दोन.”

मी मनातल्या मनात पोर्तुगालच्या माणसावर काट मारली. त्याला पहिल्या खेपेलाच पेटी भरून हवे होते. शिवाय लाकूड बाहेर पाठवायचं तर ते भट्टीत शेकून, तपासून, कागद करून पाठवावं लागतं. मी हे स्पष्ट सांगितलं. आशा लावून जाणं मला जमत नाही. धवळूबाबांना काही वाटलं नसावं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा वाकस उचलला.

“निदान ही एक द्याल का नमुन्याला?” मी बाळाच्या काठवटीकडे बोट केलं.

उत्तर आतून आलं. “ती नाय द्यायची.” यशवंतची आई काशीबाई चुलीकडून बाहेर आली होती. उंच, कोरडी बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. “ज्या पोराला जीत न्हाऊ घातलं ती त्याची. आमच्या घरात तसं हाय. मोठं झालं की त्यात त्यानं भाकर मळायची. यशवंताची अजून हाय, चुलीपाशी बघ.”

बघितली. काठाचा एक टवका निघालेला, बाकी शाबूत. त्यातच पीठ मळून तिनं आम्हाला नागलीच्या भाकरी वाढल्या, सोबत उडदाचं भुजं (उडीद भरडून केलेलं घट्ट पिठलं) आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी. मी तीन भाकरी खाल्ल्या. घरी मी एक खाते.

जेवताना कळलं की दुसऱ्या दिवशी पहाटे मुकादमाची जीप येणार आहे. भात झालं, आता पाड्यावरची धडधाकट माणसं पाऊस येईपर्यंत नाशकात बांधकामावर. यशवंतही जाणार होता. मी म्हटलं, चांगलं आहे, मी त्याच जीपनं येईन.

“जिजा बी चालली,” काशीबाई म्हणाली. “जोडी लागते.”

जोडीचा नियम तिनंच मला समजावला. मुकादम एकटा गडी घेत नाही. एका गड्यामागे एक बाई, तो माल कालवणार, ती घमेलं उचलणार. जोडी नसेल तर जागा नाही. जिजा लग्नाआधी तीन वर्षं आपल्या भावाबरोबर गेली होती, तिला सगळं माहीत होतं. ती बाळाला पुसत होती. मान वर न करता म्हणाली, “तिथं पोर घमेल्यातच निजतं, बाई. फाटकं गोणपाट टाकायचं खाली. वर सिमिटाची धूळ. माझ्या भावजयीचं पोर खोकून खोकून निळं झालेलं.”

“मग?”

“मग काय. आता मोठं हाय. पन छाती घरघरतेच.”

धवळूबाबांचा वाकस चालूच होता, बारीक ढलप्या उडत होत्या. यशवंत ताटाकडे बघत होता. त्यानं एकदाच म्हटलं, “मी नाय गेलो तर खायचं काय?” आणि ते कोणाला विचारलेलं नव्हतं.

दुपारनंतर मी पाड्याच्या खालच्या नदीवर गेले. नदी म्हणजे खडकांतून चाललेला एक पट्टा. पाण्यात झाडाच्या सावल्या इतक्या स्वच्छ पडल्या होत्या की वरचं झाड खोटं वाटावं. बसले तिथे बराच वेळ. शब्दाचा माग काढताना मजा येते, घरबसल्या समुद्र ओलांडता येतो. रोममध्ये दूध, पोर्तुगालमध्ये पीठ, वसईत चुना. पण ओझं कोणाच्या डोक्यावर होतं ते काही कोशात लिहिलेलं नसतं. एवढं मनात आलं आणि मी उठले, कारण खडक गार व्हायला लागला होता.

परत आले तेव्हा अंगणात मोटरसायकल उभी होती. मुकादम रामदास आला होता, याच पाड्याचा, तिशीचा, अंगात चकचकीत जॅकेट. जीपमध्ये कोण कोण बसणार ते नक्की करत घरोघर फिरत होता.

“यशवंत अन् जिजा,” तो म्हणाला.

“यशवंत अन् मी,” काशीबाई म्हणाली.

रामदासला आधी थट्टाच वाटली. “काशीआत्या, तू? तीर्थाला नाय चाललो आम्ही.”

“तीर्थाला तू जा. मी कामाला येते.”

“जोडी लागते, आत्या.”

“आय न् पोरगा जोडी नाय का? ह्याला मी नऊ महिने एकटीनं उचललाय, तवा कोन व्हता जोडीला?”

यशवंत लाजून कुडाकडे वळला. जिजा बाळाला घेऊन दारात उभी राहिली होती. हे तिला माहीत नव्हतं, तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. “आत्ये, नको,” ती म्हणाली. “मी जाते.”

“तू गप. तुझं दूध सिमिटात घालायचंय का?”

रामदास आता गंभीर झाला. त्याच्याही बाजूला तथ्य होतं, ते लिहायला हवं. उद्या नाही परवा स्लॅब होता. स्लॅब एकदा सुरू झाला की थांबत नाही, रांगेतली एक बाई अडली की सगळी रांग अडते आणि ठेकेदार मुकादमाला धरतो. “वय बघ आत्या,” तो म्हणाला. “पडलीस वरून तर मी काय तोंड दाखवू?” मग त्यानं माझ्याकडे बघितलं. “मॅडम, तुम्हीच सांगा. तुम्ही तर त्याच लायनीतल्या.”

काशीबाईनंही माझ्याकडे बघितलं. “तुझं वय किती गं?”

“बहात्तरच्या दुष्काळात झाले मी.”

“मीबी!” ती म्हणाली. “बघ रे. ही एकटी घमेलं घेऊन डोंगरावर आली. हिला कोनी इचारलं का वय?”

मला सांगायचं होतं की माझ्या मानेला पट्टा आहे आणि घमेल्यात वाटेत कोंबड्या होत्या. पण ती जी नजर लावून उभी होती, त्यात मधे बोलायला जागा नव्हती. आणि खरं म्हणजे मी सकाळपासून तिला म्हातारी समजत होते.

“नियम वयाचा आहे का ओझ्याचा?” मी रामदासला विचारलं.

तो हसला. माझंच घमेलं अंगणात पडलं होतं. ते त्यानं उचललं, खळ्याच्या कडेची ओली माती फावड्यानं भरली, अगदी शिगोशीग, वर थापटली. “वरच्या आंब्यापर्यंत. अन् परत. खाली न ठेवता.”

आंबा चढावर होता. काशीबाईनं पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली. यशवंत घमेलं उचलून द्यायला पुढे झाला तर तिनं त्याला हातानं मागे सारलं, गुडघा टेकून स्वतःच उचललं. मग निघाली. ऊन डोंगराच्या कडेला गेलं होतं, सगळा चढ सोनेरी धुळीत बुडालेला. तीत ती लहान होत गेली. हात सोडलेले, मान ताठ, पाठ दोरी धरल्यासारखी सरळ. स्पॅनिशमध्ये गामेया या शब्दाचा अजून एक अर्थ आहे, तो मला तेव्हा आठवला. बैलाच्या मानेवर जुवाचा जो बाक बसतो, त्यालाही तेच म्हणतात.

आंब्याला वळसा घालून ती उतरू लागली. उतार जास्त वाईट असतो, हे मलाही कळत होतं. एका ठिकाणी पायाखालचा दगड सरकला. जिजाच्या तोंडून आवाज निघाला. काशीबाई उभी राहिली, क्षणभर, नदीतल्या त्या झाडाच्या सावलीइतकी स्थिर. मग पुन्हा पाऊल टाकलं. अंगणात आली ती थेट रामदाससमोर.

“डोकं खाली कर,” ती म्हणाली.

“का?”

“कर तर.”

त्यानं बावळटासारखं डोकं वाकवलं आणि तिनं भरलं घमेलं त्याच्या डोक्यावर ठेवून दिलं. तो चार पावलं गेला, डावीकडे कलला आणि माती जॅकेटवर घेऊन खाली बसला. शेजारच्या घरांतून बघायला आलेल्या बाया हसून हसून एकमेकींवर पडल्या.

“तुला कडेवर घेऊन फिरलीय मी,” काशीबाई म्हणाली. “तवा जास्त जड व्हतास.”

रामदासनं माती झटकली. चिडला नव्हता, पण हरला असंही कबूल केलं नाही. “एक स्लॅब बघतो,” तो म्हणाला. “माती न् काँक्रिट सारखं नाय. चार तासांत कळंल. टिकली तर पावसापर्यंत राह. नाय टिकली तर त्याच रोजी परत, अन् जिजा येल. मग मला बोल लावायचा नाय.”

“नाय लावत.”

जिजा वळली. आत गेली. बाळाला मांडीवर घेऊन चुलीपाशी बसली आणि तिचा पदर बराच वेळ डोळ्यांशी होता. मी तिकडे बघितलं नाही.

संध्याकाळी थंडी एकदम उतरली. धवळूबाबांनी मातीनं माखलेलं ते घमेलं पुसलं, चुलीतले निखारे त्यात काढले आणि बाळाच्या झोळीपासून हातभर अंतरावर नेऊन ठेवलं. नमुना परत न्यायचा होता, पण मी तो तिथेच राहू दिला. निखाऱ्यांचा उजेड कुडाच्या भिंतीवर हलत होता. वरचं छत त्या उजेडात एका मोठ्या पालथ्या वाडग्यासारखं दिसत होतं आणि आम्ही सगळे त्याच्या आत. लॅटिनमधला कामेरा असाच असावा असं वाटलं. झोप लागली.

पहाटेची जीप गच्च भरलेली. धुरकट अंधार, भाताच्या पेंढ्याचा वास, मागे टपावर गाठोडी आणि भांडी. जिजा बाळाला घेऊन रस्त्यापर्यंत आली होती. काशीबाईनं बाळाच्या तळपायाला बोट लावलं, ते स्वतःच्या कपाळाला लावलं आणि जीपमध्ये चढली. धवळूबाबा आले नव्हते.

“राग आला का त्यांना?” मी विचारलं.

“राग कशाला? सकाळी त्यांच्यानं बोलवत नाय.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “पस्तीस वर्सांत पयल्यांदाच त्यांची भाकर दुसरं कोन करनार.”

घाट उतरेपर्यंत ती बाहेर बघत होती. उजेड झाला तेव्हा डोंगर मागे राहिले होते. वणीनंतर तिला झोप लागली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. जड होतं. मी तसाच ठेवला खांदा. द्राक्षबागा आल्या, धुकं आलं, मला पुन्हा ती कालची नदी दिसेल असं वाटत होतं, पण दिसली नाही. तिच्या केसांना चुलीचा वास येत होता आणि मी पूर्ण जागी होते.

नाशकात शिरल्यावर दिंडोरी नाक्याला मी उतरले. जीप तशीच पुढे पाथर्डी फाट्याकडे गेली, तिकडे नव्या इमारती उठतायत. रामदासकडून जागेचा पत्ता मी विचारून घेतला होता. ‘कशाला?’ असं त्यानं विचारलं नाही.

घरी येऊन आंघोळ केली, कपडे भिजवले, पोर्तुगालच्या माणसाला कळवलं की लाकडी गामेला पुरवता येणार नाही. कारण एका ओळीत लिहिलं, लाकूड वेळ घेतं. मग चहा घेऊन गॅलरीत बसले. या प्रवासातून मी काय आणलं, असं कोणी विचारलं असतं तर हात रिकामे होते. गेले होते तेव्हा एका शब्दाचं मूळ बघायला गेले होते, आणि मूळ सापडलंही. बाक तोच, कड तीच, आतल्या पोकळीला अजूनही बाळ आणि पीठ ओळखू येतं. पण मूळ कळल्यानं शब्द हलका होत नाही. उद्या तो कुणाच्या तरी मानेवर चढणार होता, आणि त्या मानेचं काय होईल यावर सुरगाण्यातली एक पाच महिन्यांची मुलगी घरी राहणार की गोणपाटावर निजणार ते ठरणार होतं. गॅलरीतून रस्त्यापलीकडची अर्धी झालेली इमारत दिसत होती. तिच्याकडे मी रोजच बघते. त्या संध्याकाळी ती बांबूंच्या परांचीत हवेत तरंगत असल्यासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरला आणि कारखान्याऐवजी आधी पाथर्डी फाट्याला गेले. मिक्सर गरगरत होता. फळ्यांच्या उतरणीवरून वर दुसऱ्या मजल्यापर्यंत बायांची रांग लागली होती. भरलेली घमेली वर जात होती, रिकामी खाली फेकली जात होती. मी खालून चेहरे शोधत गेले. रांगेत काशीबाई नव्हती.

रामदास फोनवर बोलत होता. मी सरळ विचारलं, “परत पाठवली?”

“कोनाला? आत्याला?” त्यानं फोन कानापासून बाजूला केला. “वर बघा.”

ती अगदी वर होती, उतरणीच्या टोकाशी, जिथे घमेलं घ्यायचं, वळायचं आणि सळयांवरून चालत जाऊन ओतायचं. रांगेतली सर्वांत अवघड जागा.

“तिथली पोरगी चक्कर येऊन बसली,” रामदास म्हणाला. “ही न विचारता चढली. आता खाली ये म्हनलं तर ऐकत नाय. मघाशी जिजाला लावला व्हता फोन. सांगितलं, तू काय येऊ नको.” आणि पुन्हा फोनवर ओरडायला लागला.

मी उतरणीच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिले. तिच्या तोंडावर, हातांवर, भुवयांवर राखाडी थर बसला होता. घमेलं ओतून वळताना तिचं लक्ष खाली गेलं.

“का गं?” ती वरून ओरडली. “तुला काम नाय का?”

“आहे. चाललेय.”

“मग हो की बाजूला! अंगावर सांडल.”

खालच्या बाईनं भरलेलं घमेलं उचललं होतं, माझ्यामुळे तिची वाट अडली होती. मी बाजूला झाले.